घंटा होईपर्यंत

हेडबाईंच्या धाकट्या मुलीला पहिल्यांदा दिवस राहिले, त्या वर्षाची ही गोष्ट. मुलगी राहायची बसने पाच तासांवर. तिने फोनवर आईला सांगितलं, "आई, मला दुसरं काही नको. कळा सुरू होतील तेव्हा फक्त तू इथे पाहिजेस."

हेडबाई म्हणाल्या, "बरं." फोन ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या. त्यांना पाच तास बसमध्ये बसता येत नव्हतं. पाच तास सोडा, पाऊण तासही जड जात होता.

हे लिहावं की लिहू नये असा प्रश्न पडतो. पण जे घरोघरच्या बायकांना होतं ते लिहायला काय लाजायचं? धाकटीच्या जन्मापासून हेडबाईंना त्रास होता. हसू आलं, शिंक आली, खोकला आला, की थोडी लघवी होऊन जायची. पाळी गेल्यावर तो त्रास वाढला. हेडबाईंनी त्यावर दोन उपाय काढले होते. एक, पाणी कमी प्यायचं. दोन, हसायचंच नाही.

त्या प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं होत्या, त्यातली शेवटची चौदा वर्षं मुख्याध्यापिका. त्यामुळे न हसण्याचं कोणाला नवल वाटलं नाही. उलट दरारा वाढला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्या जिन्यातून उतरल्या की कॉलनीतली मोठी माणसंसुद्धा शर्टाची बटणं लावत. लोकांना वाटे, काय ही शिस्त! खरं म्हणजे त्यातली निम्मी शिस्त होती आणि निम्मी भीती होती, पण हे फक्त त्यांच्या कपाटातल्या जुन्या मऊ कापडांच्या घड्यांना माहीत होतं.

यात सगळ्यांत जास्त नुकसान झालं ते नवऱ्याचं. तो बसस्टँडवर कंट्रोलर होता आणि निवृत्त झाल्यावरही सगळे त्याला कंट्रोलरच म्हणत. त्याला विनोद करायची भारी खोड. "उतरणाऱ्यांनी आधी उतरून घ्या, नाहीतर चढणाऱ्यांबरोबर परत आपल्या गावी जाल," असं तो कर्ण्यावरून सांगायचा आणि अख्खं स्टँड हसायचं. घरी येऊन तेच बायकोला सांगितलं की ती ओठ घट्ट मिटायची आणि उठून आत जायची. सत्तावीस वर्षं! माणसाचं मन किती मोडावं? त्यात आठ वर्षांपासून तिने बसमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. कंट्रोलरची बायको, वर फुकट पास, आणि बस नको म्हणते! मुलीच्या लग्नाला दोन वर्षं झाली तरी तिच्या घरी एकदा गेली नव्हती. कंट्रोलरने याचा अर्थ असा काढला होता, की बायकोच्या मनात आपल्या खात्याबद्दल आदर नाही.

मुलीच्या फोननंतर तिसऱ्या दिवशी हेडबाई कोणाला न सांगता सरकारी दवाखान्यात गेल्या. बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीला काच होती, आणि बोलायचं भोक काचेच्या तळाशी. बोलायला कमरेत वाकावं लागे. आतला कारकून तरुण होता आणि त्याचा आवाज भाजीबाजारात शोभला असता.

"तक्रार?"

हेडबाई वाकून हळूच काहीतरी म्हणाल्या.

"लघवी राहत नाही? किती दिवस?"

मागे रांगेत अकरा माणसं होती. हेडबाई म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं."

"दिवसांत सांगा. रकाना दिवसांचा आहे."

दुसरी कोणी असती तर घरी परतली असती. पण हेडबाईंना कोणी गणित घातलं आणि त्यांनी ते सोडवलं नाही, असं कधी झालं नव्हतं. त्या क्षणभर वर छताकडे बघून म्हणाल्या, "नऊ हजार आठशे बासष्ट. लीप वर्षं धरून."

कारकून कागदाकडे बघत राहिला. "बाई, यात तीनच आकडे बसतात."

शेवटी त्याने नऊशे नव्याण्णव लिहिलं. हेडबाईंना हे खोटं फार टोचलं, पण मागची रांग पुढे ढकलत होती.

आत डॉक्टरीणबाई होत्या. तिशीच्या. त्यांनी केसपेपर बघितला, हेडबाईंकडे बघितलं आणि उठूनच उभ्या राहिल्या. "बाई! ओळखलंत का? तिसरी ब. खिडकीजवळचा बाक."

हेडबाईंना पहिल्यांदा वाटलं, पळून जावं. मग वाटलं, निदान हिचं अक्षर तरी सुधारलंय का बघावं. नव्हतं सुधारलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट विचारलं, तपासलं, लघवी तपासायला पाठवली. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "बाई, घाबरायचं काही नाही. बाळंतपणात खालचे स्नायू सैल होतात, वयाबरोबर आणखी होतात. खूप बायकांना होतं, सांगत कोणी नाही. व्यायाम आहे. लघवी मध्येच थोपवायची असली तर आपण जे आत ओढतो ना, ते ओढायचं. दहा मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही. आणि पाणी तोडायचं नाही, त्याने आणखी जळजळ होते. तीन महिने नेमाने करा."

"इतकंच?"

"इतकंच." डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर सही केली. "बाई, एक सांगू? तिसरीत असताना मी एकदा तुमच्या तासाला करंगळी दाखवली होती. तुम्ही म्हणालात, घंटा होईपर्यंत धरून ठेव."

"मग? धरलंस?"

"नाही धरता आलं."

हेडबाईंनी आयुष्यात कोणाला 'चुकलं' म्हटलं नव्हतं; ते मुलांनी म्हणायचं असे. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं हो." डॉक्टरीणबाई हसल्या. "आता तुम्ही धरा बाई. घंटा होईपर्यंत."

दिवस भरायला तेव्हा बरोबर तेरा आठवडे होते. व्यायामाला बारा लागणार होते. हिशेब बसत होता.

पण घरी जमेना. हेडबाई खुर्चीत ताठ बसून डोळे मिटायच्या, की कंट्रोलर पुढे हजर. "काय होतंय? पोटात दुखतंय?" "काही नाही हो." "मग डोळे का मिटलेस? मी इतका वाईट दिसायला लागलो?" त्यावर हसू दाबावं की स्नायू ओढावेत, हेच हेडबाईंना समजेना.

म्हणून त्या खाली कॉलनीच्या बागेत, झाडाखालच्या बाकावर जायला लागल्या. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. आणि जाताना, इथेच सगळं चुकलं, त्या निरोपसमारंभात शाळेने दिलेली हातात मावणारी पितळी घंटा घेऊन जायच्या. त्यांचं शरीर बत्तीस वर्षं घंटेवर चाललं होतं. घंटेशिवाय ते ऐकत नसे. टण्ण, की ओढायचं. मनात दहा. टण्ण, की सोडायचं.

आता बघणाऱ्याच्या जागी जाऊन बघा. सकाळची थंड हवा, झाडाखाली एक करारी बाई ताठ बसलेली, डोळे मिटलेले. मधूनच घंटेचा बारीक नाद. चेहऱ्यावर आधी एकाग्रता, मग सुटका. कोणाला काय वाटेल?

वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला सगळे रेडिओ म्हणत. चौथ्या दिवशी रेडिओ बाकाशी येऊन उभी राहिली. "हेडबाई, ध्यान का हो?"

खरं सांगावं तर दुपारच्या आत सगळ्या कॉलनीला कळणार. त्या म्हणाल्या, "तसंच काहीसं."

बस. हे 'तसंच काहीसं' आठवड्याभरात भलतंच फोफावलं. आधी रेडिओ शेजारी येऊन बसली. मग बेकरीवाली, मग कॉलनीच्या सेक्रेटरीची बायको, मग तिची जाऊ. तिसऱ्या आठवड्यात सोळा बायका बागेत चटया टाकून डोळे मिटून बसू लागल्या. हेडबाई घंटा वाजवायच्या, आणि सतरा जणींत एकटीच व्यायाम करायची. बाकीच्या नुसत्या शांत बसत. सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. कोणी म्हणे, तोंड उगवतीकडे हवं. कोणी म्हणे, चटई पांढरीच हवी, रंगीत चटईवर मन भटकतं. बेकरीवालीने सांगितलं की तिला दुसऱ्या घंटेला कपाळात उजेड दिसतो. हेडबाईंना त्या वेळी काय दिसायचं ते त्या सांगू शकत नव्हत्या.

कंट्रोलर म्हणाला, "मी पण येऊन बसू का?"

"फक्त बायकांसाठी आहे."

"वा! बस नको, विनोद नको, आता गप्प बसायलासुद्धा नवरा नको. ते एक मला जमलं असतं!"

सातव्या आठवड्यात सेक्रेटरीची नोटीस आली. सेक्रेटरी भूमापन खात्यातून निवृत्त झाले होते आणि माणसाच्या सावलीचंही क्षेत्रफळ मोजायचे. 'बाक क्रमांक दोन व लगतची मोकळी जागा यांचा विनापरवाना सामूहिक वापर' असा विषय होता. सोबत अर्जाचा नमुना. नाव, सदनिका, वेळ आणि शेवटी 'वापराचा उद्देश'.

हेडबाईंनी लिहिलं, 'आरोग्य.' अर्ज परत आला, शेरा असा: 'कोणते?' त्यांनी लिहिलं, 'शारीरिक.' परत आला: 'शरीराचा कोणता भाग? समितीस स्पष्टता हवी.' हेडबाईंनी तो कागद हातात धरला आणि त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. बत्तीस वर्षं त्यांनी मुलांना लिहायला लावलं होतं, उत्तर पूर्ण वाक्यात लिहा. आता त्यांच्यावर ती वेळ आली होती.

तरीही त्यांनी चालढकल केली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी घंटेआधी रेडिओ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी तर बाई रक्तदाबाची गोळी सोडली चार दिवसांपासून. आता हे ध्यान आहे ना!"

हेडबाईंच्या हातातली घंटा खाली पडली.

"काय सोडलं?"

"गोळी. डोकं थोडं जड होतं, पण ते विकार बाहेर पडताना होतंच म्हणे."

"कोण म्हणे?"

"मीच."

"आधी घरी जा आणि गोळी घे," हेडबाई अशा आवाजात म्हणाल्या की बागेबाहेरून चाललेला पेपरवाला सायकलवरून उतरला. "आणि घेऊन परत ये. मला सगळ्यांना काही सांगायचंय."

रेडिओ गेली, गोळी घेऊन आली. सोळा बायका चटयांवर बसल्या होत्या. हेडबाई उभ्या राहिल्या.

"मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "हे ध्यान नाही. मला हसताना, शिंकताना लघवी होते. सत्तावीस वर्षं होतेय. डॉक्टरांनी व्यायाम दिलाय, खालचे स्नायू ओढून धरायचा. मी तो करत बसते. तुम्ही माझ्या शेजारी बसून काय करता ते मला माहीत नाही."

हेडबाईंना वाटलं, आता घर विकून दुसरीकडे राहायला जावं. तेवढ्यात सेक्रेटरीची बायको अगदी बारीक आवाजात म्हणाली, "शिंक आली की माझंही होतं."

"तुझं शिंकेलाच?" बेकरीवाली म्हणाली. "मला पिठाचं पोतं उचलवत नाही. तिसऱ्या बाळंतपणानंतर उचललेलंच नाही. नवऱ्याला वाटतं, आळशी आहे!"

"मी नातवाबरोबर दोरीवरच्या उड्या मारायला गेले..." कोणीतरी म्हणालं आणि पुढे सांगायची गरजच पडली नाही.

रेडिओ आतापर्यंत गप्प होती. सगळ्या तिच्याकडे वळल्या. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मी इतकी बोलते ती का, तर दुसऱ्या कोणी हसवायच्या आत आपणच बोलत राहावं म्हणून!"

तेव्हा ज्या हसल्या बायका, त्या हसल्या. चौघी जणी हसत हसतच पळत घरी गेल्या आणि कपडे बदलून परत आल्या. हेडबाई मात्र हसल्या नाहीत. अजून आठवडे भरले नव्हते.

"कपाळातला उजेड काय मग?" कोणीतरी बेकरीवालीला विचारलं.

"काय माहीत! भट्टीसमोर तीस वर्षं उभी आहे, दिसत असेल काहीतरी." 

त्या संध्याकाळी हेडबाईंनी अर्ज भरला. उद्देशाच्या रकान्यात वळणदार अक्षरात, पूर्ण वाक्यात लिहिलं. रविवारी समितीची बैठक होती. सेक्रेटरींना प्रत्येक कागद मोठ्याने वाचायची सवय, आणि आधी वाचून बघायची सवय नाही. चष्मा सारखा करून त्यांनी सुरू केलं, "उद्देश: बाळंतपणामुळे व वयामुळे सैल झालेले ओटीपोटाखालचे स्नायू बळकट करून अनावर होणारी..." इथे त्यांचा आवाज अडकला. समोरच्या रांगेत त्यांची बायको हाताची घडी घालून बसली होती.

"पुढे वाचा की," ती म्हणाली. "मीसुद्धा जाते त्या वर्गाला."

सेक्रेटरींनी पुढे वाचलं नाही. त्यांनी शिक्का उचलला आणि 'मंजूर' असा मारला. घाईत उलटा मारला. पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई एक दिवस बागेत आल्या, एकेकीला नीट समजावून सांगितलं, दोघींना तपासायला दवाखान्यात बोलावलं. कंट्रोलर त्या रविवारी बैठकीला आला नव्हता. तो स्टँडवर जुन्या मित्रांकडे गेला होता, आणि त्याला कोणी काही सांगितलं नाही. बायकांनी ठरवलंच होतं, आपापल्या नवऱ्याला आपापल्या वेळी सांगायचं.

दहाव्या आठवड्यात सकाळी आठला जावयाचा फोन आला. पाणी जाऊन कळा सुरू झाल्या होत्या. तीन आठवडे आधीच.

"नऊची गाडी आहे," कंट्रोलर म्हणाला. मग चेहरा पाडून, "तू काही यायची नाहीस. मी एकटाच जातो."

"मी येतेय," हेडबाई म्हणाल्या, आणि कपाटातली दोन मऊ कापडं पिशवीत टाकली. घंटाही टाकली.

कंट्रोलरला एवढा आनंद झाला की स्टँडवर त्याने भेटेल त्याला सांगितलं, "ही बघा, आमची हेडबाई बसने चालली!" भेटेल त्याने चहा पाजला. कॅन्टीनवाल्याने दोन वेळा पाजला. गाडी सुटेपर्यंत दोघांचे चार-चार कप झाले.

गाडी सुटली. पहिला थांबा तीन तासांनी. हेडबाई खिडकीशी ताठ बसल्या. अर्धा तास झाला. खड्डा आला, ओढून धरलं. एक तास झाला. बाहेर शेतं, गोदामं, पेट्रोलपंप मागे जात होते आणि हेडबाईंच्या मनात एकच चाललं होतं: पोचलं पाहिजे. तिने दुसरं काही मागितलेलं नाही. दीड तास झाला. पिशवीतल्या कापडांना हात लावायची वेळ आली नव्हती.

शेजारी काहीतरी हलत होतं. कंट्रोलर एक पाय दुसऱ्यावर टाकत होता, मग दुसरा पहिल्यावर.

"काय झालं हो?"

"काही नाही."

थोड्या वेळाने तो उठला आणि दांड्या धरत धरत ड्रायव्हरपाशी गेला. हेडबाईंना सगळं ऐकू येत होतं, कारण कर्ण्यावर बोलून बोलून त्याला हळू बोलताच येत नसे.

"जरा बाजूला घेता का? एकच मिनिट."

ड्रायव्हरने आरशात बघितलं. "साहेब, तुम्ही? मी नवीन होतो तेव्हा एक म्हातारा उतरवायला मधेच थांबलो, तर तुम्ही मला तीन दिवस घरी बसवलं होतं. वर पाटी लावली, मधे गाडी थांबणार नाही. ती पाटी अजून तिथेच आहे."

"पाटी काढून टाकतो मी! स्वतःच्या हाताने काढतो!"

"थांबा येईपर्यंत धरून ठेवा, साहेब."

अख्खी गाडी ऐकत होती. शेवटी ड्रायव्हरलाच दया आली. गाडी एका झुडपाशी थांबली. तीस वर्षं बसगाड्यांना ज्याने वेळेवर पळवलं तो माणूस पायऱ्या उतरून पळाला. सगळे प्रवासी सभ्यपणे दुसऱ्या बाजूला बघू लागले. तो परत आला, कोट सारखा केला, आणि सवय जाईना म्हणून उभ्यानेच जाहीर केलं, "गाडी एक मिनिट उशिराने धावत आहे. प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल कंट्रोलर दिलगीर आहे."

आणि हेडबाई हसल्या. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. त्यांना घंटा लागली नाही. शरीराने आपलं आपण ओढून धरलं, आणि वरच्या वर हसू मोकळं सुटलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते डोळ्यांतूनच. त्या हसत राहिल्या आणि कोरड्या राहिल्या.

कंट्रोलर सीटवर बसायचंच विसरला. "तू हसलीस?"

"अहो, बसा खाली."

"माझ्या विनोदावर हसलीस?"

"सत्तावीस वर्षं मला तुमच्या प्रत्येक विनोदावर हसू येत होतं," हेडबाई म्हणाल्या, आणि मग उरलेल्या वाटेत त्यांनी त्याला सगळं सांगितलं, दवाखान्याच्या खिडकीतल्या नऊशे नव्याण्णवपासून सेक्रेटरींच्या उलट्या शिक्क्यापर्यंत. तो ऐकत राहिला. एकदाही मधे बोलला नाही. शेवटी म्हणाला, "म्हणजे तो उतरणाऱ्यांचा विनोद... चांगला होता?"

"मी आत जाऊन साडी बदलली होती, इतका चांगला होता."

पावणेतीनला त्या मुलीच्या खोलीत शिरल्या. मुलीने त्यांचा हात धरला तो साडेपाचपर्यंत सोडला नाही. मुलगी झाली, अडीच किलोची. चौथ्या दिवशी तिथल्या नर्सबाईंना विचारून हेडबाईंनी लेकीला हळूहळू तोच व्यायाम शिकवला. नात शेजारी झोपलेली होती, म्हणून घंटा वाजवली नाही.

त्यानंतर घरात रोज कोणीतरी विनोद करत होतं आणि कोणीतरी हसत होतं. जुने विनोदही सगळे परत सांगून झाले, कारण त्यांचं हसणं राहून गेलं होतं. स्टँडवरची पाटी कंट्रोलरने मागे लागून काढवली.

कंट्रोलर गेला तेव्हा नात सात वर्षांची होती. मार्चची अकरा तारीख, मंगळवार, सकाळी सव्वानऊ. स्टँडवर तो सुटलेल्या प्रत्येक गाडीची वेळ टिपून ठेवायचा, म्हणून हेडबाईंनी घड्याळ बघून ठेवलं होतं.